जवसाचं तेल प्यालेली बंदूक

जगदेवला गावात जमादार म्हणत. ही पदवी सरकारने दिलेली नव्हती. बसऱ्याची लढाई संपवून तो परत आला, तेव्हा आसेगावच्या बाजारापासून गावापर्यंत खाकी कोट घालून चालत आला, आणि विहिरीवरचं कोणीतरी म्हणालं, "जमादार आले वाटते." तेव्हापासून तो जमादार. कोट पुढे उंदरांनी खाल्ला. पदवीला अठरा वर्षांत काही झालं नाही.

जगदेव खोटं बोलणारा माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लोक विचारत, "जमादार, किती तुर्क मारले?" तो म्हणे, "मोजले नाही बाप्पा." हे खरं होतं. "बंदुकीचं भेव नाही वाटलं?" तो म्हणे, "जिले रोज संध्याकाळी धुवा लागते, तिचं कायचं भेव?" हेही खरं होतं. फक्त धुणारे दुसरे होते आणि धुण्यासाठी उकळतं पाणी देणारा जगदेव होता. तो पलटणीत लांगरी होता. दोनशे माणसांच्या रोट्या भाजायच्या, डाळीला फोडणी द्यायची, भांडी घासून घ्यायची, आणि दिवस कलला की शिपाई बंदुका घेऊन रांगेने येत, त्यांच्या नळ्यांत ओतायला आधणाचं पाणी काढून द्यायचं, ही त्याची लढाई. बंदुकीचा घोडा त्याने जन्मात एकदाही दाबला नव्हता. गावाने ते विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

सांगण्यात नुकसानच होतं. पाच एकर वावराच्या माणसाला चावडीवर पाटलाशेजारी घोंगडीवर कोणी बसवत नाही. जगदेवला बसवत. लग्नात अहेर देताना त्याचं नाव वरच्या चारांत पुकारलं जाई. त्याच्या शांतीला मानोऱ्याच्या चांगल्या घरातलं स्थळ आलं ते "जमादाराची पोरगी" म्हणून आलं, आणि व्याही अजून चार पाव्हण्यांपुढे बसऱ्याचं नाव काढत. इतकं सगळं दोन-चार मोघम उत्तरांवर उभं होतं. गावात बंदूक नव्हती तोवर ते पक्कं होतं.

मग पाटलाने बंदूक घेतली.

उकंडराव पाटलाला दोष देता येणार नाही. त्या साली रानडुकरांनी भुईमूग उकरून खाल्ला, रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, तुरीचे शेंडे चरले, आणि डबे वाजवणाऱ्या माणसांकडे जनावरं ओळखीच्या नजरेनं बघू लागली. पाटलाने दोन वर्षं अकोल्याला खेपा घालून साहेबाची सही मिळवली आणि नागपूरहून खिटीची रायफल आणली. ठासणीची नव्हे. खिटी वर उचलायची, मागे ओढायची, काडतूस आत, खिटी पुढे, खाली. दुकानदाराने तेलाची एक इवलीशी डबीही दिली आणि सांगितलं, पोलादाला हेच तेल, दुसरं नको.

दसरा तोंडावर होता. खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड पुजलं जातं, विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि नवं लोखंड असेल तर त्याला आधी तेल पाजतात. पाटलाची आई गोजराबाई हे काम कोणावर सोडत नसे. तिने दुकानदाराची डबी उघडून वास घेतला आणि डबी लांब धरली.

"हे देवापुढं ठेवाचं तेल हाये काय? घासलेट बरं याच्याहून."

डबीतलं तेल कवाडाच्या बिजागरीला गेलं. बंदुकीसाठी म्हातारीने घाणीवरचं, घरच्या जवसाचं, ताजं तेल काढलं. त्या तेलात घरच्या भाज्या होत, म्हणजे ते चांगलंच होतं. नळीला लावलं, लाकडी दस्त्याला लावलं, आणि खिटी उघडी होती म्हणून आतही ओतलं, फाळ पितो तसं पिईल म्हणून. बंदुकीने वाटीभर घेतलं. मग हळदकुंकू. नवमीपासून दिवाळीपर्यंत रोज सकाळी थोडं तेल आणि दिवसभर अंगणात घोंगडीवर ऊन. गाद्यांना ऊन देतात, तुरीला देतात, बंदुकीला का नको. नव्या नवरदेवाची इतकी सेवा होत नाही.

दिवाळी उरकल्यावर पहाटे पाटील तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसला. तीस पावलांवर एक डुक्कर आलं. पाटलाने नेम धरला, घोडा दाबला. आतून "टप" असा आवाज आला, ओल्या मातीवर लिंबू पडावं तसा. डुकराने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा उकरायला लागलं. पाटलाने दुसरं काडतूस घातलं. टप. तिसरं. टप. चौथ्याच्या वेळी डुक्कर जरा जवळ आलं.

दुसऱ्या दिवशी तांड्यावरून मदनसिंगला बोलावलं. पंचक्रोशीत ठासणीची बंदूक त्याच्याइतकी कोणी चालवत नसे. त्याने रायफल उलटीपालटी केली, नळीत फुंकलं, दस्त्यावर थापटी मारली आणि म्हणाला, "पाटील, हिच्यात दारू भराले जागाच नाही. मी काय करू?" आणि खाली ठेवून दिली. जे येत नाही ते येत नाही म्हणणारा माणूस. अशा माणसांची गावात फार किंमत होत नाही.

तेव्हा कोणाला तरी आठवलं, आणि आठवायला इतका वेळ लागला याचीच सगळ्यांना लाज वाटली. घरात जमादार असताना तांड्यावर माणूस कशाला पाठवला?

निरोप आला तेव्हा जगदेव बैलाच्या खुरातला काटा काढत होता. त्याने काटा काढला, मग काटा नसलेले तीन खूरही तपासले. अठरा वर्षांत त्याने या दिवसाचा पुष्कळ विचार केला होता आणि तो येणार नाही असं ठरवलं होतं.

पाटलाच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती. बंदूक पाटावर ठेवली होती. जगदेवला घोंगडी टाकली गेली. तो बसला आणि बंदुकीकडे पाहत राहिला, आणि लोक त्याच्या पाहण्याकडे पाहत राहिले.

"काय वाटते, जमादार?" पाटलाने विचारलं.

जगदेवला काही वाटत नव्हतं. पण काहीतरी करायलाच हवं, म्हणून त्याने बंदूक उचलली, आणि उचलताच त्याला वास आला. मग बोट फिरवलं. पोलादावर पिवळट चिकटा धरला होता, वरून कोरडा, नखाने खरवडला तर पापुद्रा निघावा असा. त्याच्या छातीवरचा दगड एकदम उतरला. हे बंदुकीचं दुखणं नव्हतंच. हे कढईचं दुखणं होतं. जवसाचं तेल कढईच्या काठावर राहिलं आणि ऊन किंवा आच लागली की लाखेसारखं बसतं, आणि मग ती कढई घासणाऱ्याचे हाल कुत्रा खात नाही. दोन वर्षं त्याने अशा कढया घासून घेतल्या होत्या.

"न उडालेलं काडतूस दाखवा," तो म्हणाला.

काडतुसाच्या बुडाला पितळी टिकली असते. आतली सुई तिच्यावर जोरात आदळली की बार उडतो. टिकलीवर नखाने दाबल्यासारखी पुसट खूण होती. म्हणजे सुई येत होती, पण चिखलातून चालत येत होती.

"हिले तेल कोनं देल्लं?"

गोजराबाई दाराच्या चौकटीत उभी होती. "म्या देल्लं. घरचं हाये, भेसळीचं नाही. काहून?"

जगदेवने पाटलाकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. "तेल चांगलंच हाये, आजी. बंदुकीले पचलं नाही."

"आमाले पचते अन् हिले पचत नाही?"

"ते लोखंड विलायती हाये," जगदेव म्हणाला, आणि म्हातारीचं समाधान झालं.

पुढचं त्याने डोळे मिटूनही केलं असतं, कारण समोर बसून त्याने ते शेकडो वेळा पाहिलं होतं. शिपाई पाण्याच्या रांगेत उभे असतानाच खिटी काढून ठेवत. खिटी उचल, मागे ओढ, घोडा दाबून धर, खिटी हातात. त्याने तसं केलं आणि खिटी खरोखर हातात आली. लोकांनी श्वास सोडला. कोणी कोणाला कोपराने ढोसलं. अठरा वर्षं ऐकलेलं आज डोळ्यांनी दिसत होतं.

"मोठं गंज ठेवा चुलीवर, पानी भरून. अन् पापडखार आणा, मूठभर."

पापडखार म्हटल्यावर मात्र दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पण जमादार म्हणतात म्हणजे लढाईत तसंच असेल. खिटी पापडखाराच्या पाण्यात उकळायला टाकली. जगदेव पातेल्यापाशी उकिडवा बसला, पळीने खिटी वरखाली करू लागला, वर आलेला पिवळा फेस काढून टाकू लागला. मध्येच त्याने सरपण ओढून आच कमी केली. मदनसिंग परत गेला नव्हता. तो कडेला बसून चिलीम ओढत हे सगळं पाहत होता. त्याने पळी धरलेल्या हाताकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

घटकाभराने खिटी काढली. नळीतून आधणाचं पाणी सोडलं, चिंधी ओढली, सगळं कोरडं केलं. दुकानदाराच्या डबीच्या तळाशी चार थेंब शिल्लक होते, तेवढे बोटाने लावले. मग खिटी बसवून, काडतूस न घालता, घोडा पाटलाला दाबायला सांगितला. या वेळी "खट्ट" असा कोरडा, चोख आवाज झाला. अंगणातली कोंबडी उडाली.

जगदेव उठून घरी निघाला. त्याला वाटत होतं, निभावलं.

"असे कुठं चालले?" पाटील म्हणाला. "पहिला बार तुमचा. मी चंपतले डबे वाजवून हाका घ्याले धाडलं. पंचवीस मानसं गेली नाल्याच्या पल्याड. डुकरं तुरीतच हायेत."

पाटलाने बंदूक पुढे केली तसा जगदेव मागे सरला. पण माणसं निघाली होती, आणि बंदूक त्याच्या हातात आली होती, आणि मागे पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत गाव चालत होतं. दिवस मावळायला दोन तास होते. तुरीच्या धुऱ्यावर त्याला बसवलं. पाटील डाव्या हाताला, मदनसिंग उजव्या. तूर डोक्याएवढी. पलीकडून डबे वाजू लागले, आणि चंपतचा आवाज त्या सगळ्यांवर ऐकू आला. चंपत लहानपणापासून जगदेवचा जोडीदार, वावराला वावर लागून.

जगदेवने दस्ता खांद्याला लावला. एवढं त्याने पाहिलेलं होतं. आणि त्याने दुसरंही पाहिलेलं होतं. बसऱ्याच्या वरच्या अंगाला, पलटणीच्या चुलींपासून अर्ध्या कोसावर, एक खेचरवाला ओंजळीने पाणी पीत बसला होता, आणि कुठून कोणी कोणावर झाडलेली गोळी त्याच्या गळ्यात येऊन लागली. आजूबाजूला लढाई नव्हतीच. तो जगदेवकडे रोज एक रोटी जास्त मागायचा.

तुरीचे शेंडे हलू लागले. डबे जवळ आले. शेंडे हलत होते त्याच रेषेत पलीकडे, पानांतून, कोणाचं तरी पागोटं दिसत होतं.

जगदेवने बंदूक खाली घेतली, खिटी उघडली आणि काडतूस काढलं.

"मी झाडत नाही, पाटील."

"काहून?"

"पल्याड चंपत हाये. ही गोळी डुकरापाशी थांबत नाही. कोसभर जाते."

"म्हणून तं तुमाले देल्ली. तुमचा नेम चुकते काय?"

"माहा नेम कोनं पाह्यला?"

पाटलाला प्रश्न कळला नाही. जगदेवने मग सरळ सांगितलं. त्याला वाटलं होतं की हे सांगताना जीव जाईल. पण ते लहानसंच वाक्य निघालं.

"मी लांगरी होतो. पलटणीच्या रोट्या भाजत होतो. बंदूक म्या कधी चालवली नाही."

डुकरं त्यांच्यासमोरून गेली. सात होती, मागे पिल्लं. कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मंग इतके दिवस..." पाटील म्हणाला.

"इतके दिवस तुमी मले हे इचारलं नाही."

पाटलाचा चेहरा पडला होता. कोणी फसवलं तर माणूस चिडतो, पण इथे आपणच आपल्याला फसवलं होतं की काय अशी शंका असली की धड चिडताही येत नाही. बोलला तो मदनसिंग.

"तरीच म्या म्हनलं, बंदूक उकडाची अक्कल शिपायाले कशी सुचली." त्याने हात पुढे केला. "आना इकडं."

हाकेवाले सगळे धुऱ्यावर येऊन उभे राहिल्यावर मदनसिंगने विहिरीच्या मातीच्या ढिगावर नेम धरून एक बार काढला. आवाज असा झाला की दोन पोरं खाली बसली आणि उरलीसुरली डुकरं शेजारच्या गावाच्या हद्दीत गेली. गावाचं काम झालं होतं. बंदूक चालली होती. परत येताना मात्र पाटील जगदेवच्या बाजूने चालला नाही. आणि चंपतने, ज्याच्यासाठी हे झालं, वाटेत एकच गोष्ट विचारली.

"लांगऱ्याले पगार किती राह्यते?"

जगदेव घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. त्याची बायको रुख्मिणी ओसरीवर बसली होती. दिवेलागण झाली होती, पण चूल पेटली नव्हती. त्याने पाय धुतले. तिने पाण्याचा तांब्या दिला नाही, तो त्याने स्वतः घेतला.

"लांगरी म्हंजे काय?" तिने विचारलं.

"सैपाकी."

"किती मानसाचा सैपाक?"

"दोनशे."

"दोनशे," ती म्हणाली.

जगदेवला वाटलं, गावातली अब्रू गेली म्हणून तिला वाईट वाटत असेल. तो म्हणाला, "लोकाचं काय, दोन दिवस बोलतीन..."

"गावाचं गावानं पाहावं. मले त्याचं काही नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "शांती पोटात होती त्या साली मी महिनाभर तापानं फणफणली होती. आठवते?"

"आठवते."

"तुमी दारोदार भाकर मागून आनत होते. कोनी ताजी देये, कोनी शिळी देये. एक दिवस कोनंच देल्ली नाही तं फुटाण्यावर राह्यलो. मी म्हनो, जाऊ दे, शिपाईगडी हाये, त्याले चुलीतलं काय समजते. पंधराव्या दिवशी तापातच भिताडाले धरून उठली, चूल म्या पेटवली. मले चक्कर आली, तव्हा हात पोळला. अन् तुमी उंबऱ्यात उभे राहून पाहत होते."

जगदेवला ते सगळं दिसलं. उंबऱ्यात उभा राहून तो काय विचार करत होता तेही आठवलं. हात शिवशिवत होते. पण शेजारची म्हातारी समोरच शेण गोळा करत होती, आणि जमादार परातीवर बसलेला तिने पाहिला असता.

धुऱ्यावर सगळ्या गावासमोर त्याला लाज वाटली नव्हती. ती आता वाटली, आणि अशी वाटली की रुख्मिणीकडे पाहवेना.

तो उठला. चूल पेटवली. पिठाचा डबा कुठे असतो हे त्याला ठाऊक नव्हतं, तिने मानेने दाखवला. त्याने परात घेतली, ज्वारीचं पीठ घेतलं, गरम पाणी घातलं. हात काही विसरले नव्हते. पहिली भाकर त्याने तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आरावर टेकवून फुगवली. मग पाट मांडला आणि रुख्मिणीला म्हणाला, "बस."

ती पाटावर बसली. आधी तिने भाकर नुसती हातात धरून पाहिली, मग मोडली. लग्न झाल्यापासून ती सगळ्यांच्या शेवटी, तव्यावरच्या आचेचा पत्ताही न उरलेली भाकर खात आली होती. वाफ निघणारी भाकर पानात पडायची ही तिची पहिली वेळ. दुसरी पडली, तीही तिने खाल्ली. तिसरी खाल्ली. रोज तिला दीड भाकर पुरे. जगदेव थापत गेला आणि ती, त्याच्याकडे न पाहता, सावकाश, एकेक घास चावून खात गेली. चौथीच्या वेळी परात रिकामी झाली, तीही तिने खाल्ली. तिने हात धुतले, तो जेवला नाही हे तिच्या लक्षात आलं होतं, आणि ती अंथरूण घालायला निघून गेली.